यवनाचा भोजनमंडप

पुण्याच्या भिंतींना कान आहेत की नाहीत ते मला ठाऊक नाही; पण तोंड आहे, एवढे मी शपथेवर सांगेन. 'येथे वाहन लावू नये', 'बेल एकदाच वाजवावी', 'पत्ता विचारण्याचे हे ठिकाण नव्हे' ही सारी भिंतींचीच बोलणी. बाहेरगावचे लोक त्यांना पुणेरी पाट्या म्हणतात आणि हसतात. आम्ही पुणेकर हसत नाही. पाहुण्याने उंबरा ओलांडण्यापूर्वीच त्याला घराचा स्वभाव कळलेला बरा, असे आमचे सरळ मत आहे. पण ज्या वास्तूचा व्यवसायच परक्या माणसाला उतरवून घेण्याचा, तिच्या भिंतींनी काय बोलावे? गेल्या उन्हाळ्यात या प्रश्नाने मला शनिवारवाड्यापासून जुन्नरपर्यंत हिंडवले आणि पॅरिस व पाँपेई यांचेही बसल्या जागी दर्शन घडवले. त्या हिंडण्याची ही हकीगत.

'हॉटेल' हा शब्द आपल्याकडे आला आणि पाहता पाहता त्याने मोठा गोतावळा जमवला. चहाचे दुकान हॉटेल, मिसळीचे दुकानही हॉटेल. जेथे खरोखर मुक्काम करायचा त्या जागेला मात्र आपण लॉज म्हणतो, आणि मागची पिढी 'बोर्डिंग-लॉजिंग' असे जोडनाव घेत असे. कोर्टाच्या तारखेसाठी आलेला पक्षकार, मुलाला कॉलेजात घालायला आलेला शाळामास्तर, लग्नाचा बस्ता बांधायला आलेले बिऱ्हाड, अशांसाठी पुण्याच्या पेठांतून जुन्या वाड्यांत उतारगृहे निघाली होती. वर दहाबारा खोल्या, खाली जेवणघर, मध्ये चौक आणि चौकात पाण्याचा हौद. अंघोळीला गरम पाणी पहाटे पाच ते सात. सातनंतर उठणाऱ्याने थंड पाण्याने अंघोळ करावी, अशी पाटी अर्थातच भिंतीवर.

माझ्या ओळखीचे असे एक उतारगृह अजून उभे आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. मालक संकोची आहेत आणि मला त्यांच्याकडे पुन्हा जेवायला जायचे आहे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा वडिलांबरोबर प्रथम तेथेच उतरले होते. मालकांना सारी पेठ अप्पा म्हणते आणि त्यांच्या पत्नीला काकू. अप्पांच्या आजोबांनी काढलेला हा व्यवसाय. चिरंजीव अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेऊन चार वर्षे मुंबईत नोकरी करून परत आले आहेत, आणि ते परत आले याचे अप्पांना जितके समाधान आहे तितकीच धास्तीही आहे.

धास्तीचे कारण समजून घेतले पाहिजे. २०२० साली टाळेबंदी झाली आणि वाड्याचा दिंडीदरवाजा महिनोन् महिने उघडला नाही. उघडला तेव्हा जुनी गिऱ्हाईके पांगली होती. नवे गिऱ्हाईक मोबाइलवर खोलीचे छायाचित्र पाहते, आवडले तर पैसे भरते, नाही तर बोटाच्या एका फटकाऱ्याने पुढे जाते. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीसमोर कोणाचेही बोट थांबेना. तिकडे बिल्डरची माणसे महिन्यातून एकदा चौकशीला येऊ लागली. शेजारचे दोन वाडे गेलेच होते. अप्पांनी मनातून निम्मा होकार दिला होता. चिरंजीवांनी त्यांच्याकडे एक वर्ष मागून घेतले, बँकेचे कर्ज काढले आणि अंतर्बाह्य पालट करायचे ठरवले. वर्षभरात खोल्या भरल्या नाहीत तर वाडा जाणार, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

मला बोलावणे आले ते मराठीची प्राध्यापक म्हणून. खोल्यांना नावे हवी होती. गेले तर ओसरीवर नमुन्यांचे जाडजूड पुस्तक उघडे पडलेले. पानापानावर भिंतीला चिकटवायचे कागद. ग्रीक खांब, रोमन कलश, द्राक्षांचे वेल, पंखांची मुले, भंगलेल्या कमानींतून दिसणारे निळे आकाश.

"मॅडम, सध्या हेच चालते," चिरंजीव म्हणाले. "प्राचीन, अभिजात वातावरण. पुढच्या दालनाला हे खांब, जेवणघराला द्राक्षवेल. खोल्यांना अथेन्स, रोम, पाँपेई अशी नावे देऊ. तुम्ही त्यांना मराठी वळण द्या."

"पाँपेईला मराठी वळण म्हणजे काय द्यायचे? पोपई?" काकू आतून म्हणाल्या.

हिशेबही तयार होता. एका गुंडाळीत सुमारे ५७ चौरस फूट कागद. दालन २० फूट बाय १४ फूट, उंची १० फूट. दारेखिडक्या वजा जाता भिंत ५७० चौरस फूट. म्हणजे १० गुंडाळ्या, आणि नक्षी जुळवताना वाया जाईल म्हणून २ जास्त. दोन दिवसांत काम पुरे. तिसऱ्या दिवशी छायाचित्र काढून मोबाइलवर. मुलगा काही उधळ्या नव्हता. एक रुपया तीनदा मोजून खर्च करणारा होता.

पण त्याच सकाळी वायरमनने नव्या तारेसाठी दालनाच्या भिंतीत खाच पाडली होती. ऑइलपेंटचा जाड पापुद्रा सुटला, त्याखालचा डिस्टेंपर सुटला, मग सफेदीचे थर एकामागून एक सुटत गेले आणि शेवटी आतून कावेच्या लाल रंगाची एक पट्टी डोकावली. पट्टीवरून हिरवट वेल चढत गेलेली, आणि वेलीच्या टोकाला एक पोपट. अर्धाच. उरलेला अर्धा ऑइलपेंटच्या पोटात. अप्पा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. "माझ्या वडिलांनी कधी सांगितले नाही हो," ते म्हणाले. "बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे."

चिरंजीवांचा प्रश्न होता नावांचा. माझ्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. रोमच्या भिंती पुण्यात येण्याआधी पॅरिसच्या दुकानात कशा पोचल्या?

ती गोष्ट मोठी गमतीची आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला आणि त्याच्या राखेने पाँपेई व हर्क्युलेनियम ही गावे गाडली. १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचे आणि १७४८ मध्ये पाँपेईचे उत्खनन सुरू झाले, आणि राखेखालून घरांच्या रंगीत भिंती बाहेर आल्या. त्यांच्या चित्रांचे ग्रंथ १७५७ पासून छापले जाऊ लागले. मग साऱ्या युरोपला प्राचीनतेचे वेडच लागले. इंग्लंडात वेजवूडने आपल्या चिनी मातीच्या कारखान्याचे नावच 'इट्रुरिया' ठेवले. पॅरिसमध्ये रेव्हेयाँ नावाच्या कारखानदाराने त्या भिंतींवरची नक्षी कागदावर उतरवली. ज्याला खरा चितारी परवडत नाही, त्याने गुंडाळी विकत घ्यावी आणि रोमन सरदार व्हावे! याच रेव्हेयाँच्या कारखान्यावर एप्रिल १७८९ मध्ये पॅरिसच्या कामकऱ्यांचा जमाव चालून गेला. मजुरी कमी होणार अशी आवई उठली होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत बॅस्टिल पडले. भिंतीच्या कागदामागेही कधी कधी इतिहास दडलेला असतो, तो असा.

पुढे १८०७ साली झ्युबेर नावाच्या फ्रेंच कारखान्याने एक भव्य कागद काढला. वीस पट्ट्या एकापुढे एक लावल्या की दिवाणखान्याच्या चारी भिंतींवर एकच अखंड देखावा उभा राहावा. तो छापण्यास बाराशेंहून अधिक लाकडी ठसे लागले. या कागदाचे नाव काय असावे? 'हिंदुस्थान'! हत्ती, घाट, देवळे, मशिदी, ताडमाड. म्हणजे जी प्राचीनता भिंतीवर लावून पॅरिसचा धनिक मिरवत होता, ती या वेळी आपली होती. तो कागद टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी हिंदुस्थानात फिरून काढलेल्या चित्रांवरून बेतला होता.

आणि डॅनियलचा धागा थेट आपल्या शनिवारवाड्यात येतो. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने सवाई माधवरावांच्या काळात जेम्स वेल्स या चित्रकाराला पुण्यास आणले. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तेथे गंगाराम तांबट नावाचा आपला पुण्याचा चितारी तयार झाला, आणि त्याने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या रेखाटनांवरून वेरूळचा चित्रसंग्रह डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला, आणि वेल्सच्याच कामाच्या आधारे पेशव्यांच्या दरबाराचे मोठे तैलचित्र १८०५ मध्ये पुरे केले. त्या चित्रात मागे दिसतो तो शनिवारवाड्यातील गणेश रंगमहाल. तो महाल आज नाही. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि होते नव्हते ते जळाले. पुण्याच्या त्या दिवाणखान्याची भिंत पाहायची तर आता लंडनच्या टेट संग्रहालयातले चित्र पाहावे लागते.

हे सारे मी अप्पांच्या ओसरीवर सांगितले तेव्हा चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्यांनी आपल्याला भिंतीवर लावले. आपण त्यांना लावले तर बिघडले कुठे?"

उत्तर सुचेना तेव्हा शिक्षकाने विद्यार्थ्याला सहलीस न्यावे, हा आमच्या व्यवसायातला जुना उपाय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे तापण्यापूर्वी आम्ही निघालो.

पहिला मुक्काम अर्थात शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत, आणि खर्च १६,११० रुपये. आज त्या पैशात आमच्या चिरंजीवांचे दालनही होणार नाही. आत चौथरे आणि कारंजी उरली आहेत. वाडा बांधणाऱ्यांपैकी काहींची नावे मात्र टिकली: शिवराम कृष्ण, देवाजी, कोंडाजी सुतार, मोरोजी पाथरवट, जयपूरचा भोजराज आणि चितारी राघो. राघोचे आडनाव कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याच्या काळातल्या दिवाणखान्यांच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग होते. आता दिल्ली दरवाजाच्या आतल्या बाजूला पुसट झालेले शेषशायी विष्णू आणि गणपती तेवढे आहेत. सहलीची मुले दरवाजाच्या खिळ्यांपाशी छायाचित्रे काढून पुढे पळतात. मान वर करून भिंतीकडे कोणी पाहत नाही.

तेथून विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने दोन लाख रुपये खर्चून १८०७ साली बांधलेला. पाहा, झ्युबेरच्या 'हिंदुस्थान' कागदाचेच हे साल! तिकडे फ्रेंच कारागीर हिंदुस्थान कागदावर छापत होता आणि इकडे पुण्याचा सुतार सागवानातून सुरूचे खांब कोरत होता. खांबाचा बुंधा खाली भरदार, वर निमुळता, माथ्यावर केळफुले. चिरंजीवांनी खांबावरून हात फिरवला. "ग्रीक खांबालाही खाली वर असाच हिशेब असतो," ते पुटपुटले. १८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज वाढले. १८७९ मध्ये वाड्याला आग लागली, मग लोकवर्गणीने तो पुन्हा उभा राहिला, पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. एवढी बिऱ्हाडे बदलूनही खांब आपल्या जागी आहेत, कारण ते भिंतीला चिकटवलेले नाहीत, छपराचा भार वाहत आहेत.

मग केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे मराठीच्या विद्यार्थ्यांना 'अज्ञातवासी' या नावाने कवी म्हणून परिचित असतात. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, आणि त्याच्या नावाने या माणसाने दिवे, अडकित्ते, दारे, खिडक्या गोळा करीत आयुष्य वेचले. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी सुटा करून येथे आणून पुन्हा उभारला आहे. त्या दालनात चिरंजीव पुष्कळ वेळ उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "मॅडम, हे टिकवायला चुनाच वापरायचा, ऑइलपेंट नाही, असे का?"

हा प्रश्न विचारला गेला तेव्हाच सहल फळाला आली असे मी मानते. मात्र उत्तर देणे हे गवंड्याचे काम होते. जुन्या वाड्यांची डागडुजी करणारा एक वृद्ध गवंडी अप्पांच्या परिचयाचा निघाला. त्याने दालनातली भिंत बोटाने वाजवून पाहिली आणि सांगितले, "विटा मातीत बसवल्यात, वर चुन्याचा गिलावा. ही भिंत श्वास घेते. पावसाळ्यात खालून पाणी ओढते, उन्हाळ्यात सोडते. ऑइलपेंटने तिचं नाक दाबलं म्हणून खाली पोपडे निघतात. आता तुम्ही वर प्लास्टिकचा कागद चिकटवा. पहिल्या श्रावणात मागं बुरशी, दुसऱ्या श्रावणात वास. मग पाव्हणा काय ते रोमचं नाव घेईल?"

चुना करायचा तर घाणीत मळायचा, मुरवायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचे. एक थर लावला की दुसऱ्यासाठी थांबायचे. दोन दिवसांच्या जागी दोन महिने, आणि दालन तोवर बंद. खर्चही जास्त. चिरंजीवांचा चेहरा उतरला, आणि त्यांचा चेहरा उतरण्यात काही चूक नव्हती. बँकेचा हप्ता चुना वाळेपर्यंत थांबत नाही.

त्या रात्री मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेले एक पुस्तक वाचत बसले. व्हिट्रुव्हियस हा रोमचा वास्तुकार, सम्राट ऑगस्टसच्या काळातला. त्याचा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरात मिळतो. सातव्या भागात त्याने भिंतींचा विचार केला आहे. म्हटले, ज्यांच्या नावाने हा कागद विकला जातो त्या रोमन लोकांचे म्हणणे तरी काय आहे ते पाहावे.

वाचकहो, व्हिट्रुव्हियस आमच्या गवंड्याचा सख्खा भाऊ निघाला! जमिनीलगतच्या भिंतीला ओल येत असेल तर तळाशी वाळूऐवजी कौलांची भुकटी घातलेला चुना लावावा. ओल फारच असेल तर आतून दुसरी पातळ भिंत घालून मध्ये पोकळी ठेवावी आणि वाऱ्याला वाट द्यावी. हिवाळ्यातल्या जेवणघरात मोठी चित्रे किंवा नाजूक नक्षी काढू नये. चुलीच्या धुराने आणि दिव्यांच्या काजळीने ती खराब होते. आणि पुढे तर त्याने आपल्या काळातल्या नव्या फॅशनवर चांगलेच तोंड सोडले आहे. पूर्वीचे चितारी खऱ्या वस्तूंची चित्रे काढीत. हल्लीचे लोक खांबांच्या जागी बोरू काढतात, समईच्या दांड्यावर देऊळ उभे करतात, वेलीच्या देठातून अर्धी माणसे उगवतात! दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्येही 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणणारे गृहस्थ होते, हे वाचून मला फार बरे वाटले. गंमत अशी, की ज्या नक्षीवर तो रागावला होता, तीच नक्षी अठराशे वर्षांनी प्राचीन व अभिजात म्हणून पॅरिसच्या कागदावर छापली गेली.

दुसऱ्या दिवशी हा उतारा मी ओसरीवर मराठीत सांगितला. जेवणघरातल्या धुराचे वाक्य येताच काकू बाहेर आल्या. "मी पंचवीस वर्षे हेच सांगते आहे," त्या म्हणाल्या. "फोडणीचा वाफारा भिंतीवर बसतो. वेल काढा नाही तर पोपट काढा, पुसायचे कोणी? हा तुमचा रोमचा माणूस संसारी दिसतो."

मी आणखी एक भर घातली. आपल्या वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, आणि त्यामुळे गिलाव्याला कीड लागली नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते तंतू नाहीत आणि तेथे किडींनी पुष्कळ नासधूस केली. अप्पा प्रथमच मोकळेपणाने हसले. "म्हणजे वेरूळच्या भिंती भांग घेऊन बसल्या आहेत म्हणा! उगीच नाही इतकी वर्षे शांत."

एवढे होऊनही निर्णय होत नव्हता. चिरंजीवांचे म्हणणे एकच: "चुना मला पटला. पण नुसती पांढरी भिंत मोबाइलवर काय सांगणार? प्राचीन काळाशी नाते असल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही." तेव्हा काकूंनी मार्ग काढला. लेण्याद्रीच्या गणपतीचे दर्शन राहिले होते. आधी दर्शन, मग भिंत.

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, तेथून आत वळले की जुन्नर. शिवनेरीचा कडा समोर आला की पुणेकर आपोआप हात जोडतो. पण शिवरायांच्या जन्माच्याही दीड हजार वर्षे आधी हे गाव गजबजलेले होते. कल्याण बंदरातून आलेला माल नाणेघाट चढून येथे यायचा. भोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेंच्या वर लेणी आहेत. लेण्याद्रीच्या पावणेतीनशेंवर पायऱ्या काकू आमच्याआधी चढल्या. वरचा गिरिजात्मज ज्या प्रशस्त मंडपात बसला आहे, ते मुळात बौद्ध भिक्षूंचे विहार. बाजूंना त्यांच्या निजण्याच्या खोल्या, आणि एवढ्या मोठ्या मंडपाला मध्ये एकही खांब नाही.

"मॅडम, खांबाशिवाय!" चिरंजीव छताकडे पाहत म्हणाले.

"तुम्हाला यवनांचे खांबच हवे असतील तर तेही आपल्याकडे आहेत," मी म्हटले. "कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे कितीतरी यवन आहेत."

प्राकृतातला 'यवन' हा शब्द मुळात ग्रीकांसाठी आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांसाठी वापरला जाई. व्यापाराला आलेले हे लोक येथे राहिले, येथली नावे घेतली आणि भिक्षुसंघाला दाने दिली. जुन्नरच्या लेण्यांत असे तीन यवन आपली नावे मागे ठेवून गेले आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. दुसरा चंद. आणि तिसरा चित. या चिताने काय दिले असेल? 'भोजनमटपो'. भोजनमंडप! येणाऱ्याजाणाऱ्या भिक्षूंनी बसून जेवावे म्हणून डोंगरात कोरलेले जेवणघर. पुढे दोनच शब्द: 'देयधम सघे'. संघाला दिलेले दान. आपण आज जी मराठी बोलतो तिच्या आजीच्या बोलीत एका परक्याने लिहवलेली ही पाटी आहे. पुणे जिल्ह्यातली ही फार जुनी पाटी. आणि तिच्यात 'नये' हा शब्द नाही.

पायरीवर बसून मी हे सांगत होते. चिरंजीवांनी ते वहीत उतरवून घेतले. ग्रीस आणि रोम शोधायला त्यांनी नमुन्यांचे पुस्तक उघडले होते. आणि तिकडचाच एखादा माणूस त्यांच्याच जिल्ह्यात, त्यांच्याच व्यवसायात, अठराएकोणीसशे वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या जेवणाची सोय करून गेला होता. त्याने आपल्या देशाचा एकही कलश येथे कोरलेला नाही. येथले गवंडी जसे कोरत होते तसेच त्याने कोरू दिले, आणि नाव तेवढे लिहिले.

परतताना मोटारीतच जेवणघराचे नाव ठरले: 'चिताचा भोजनमंडप'. काकूंनी तत्काळ हात जोडले. "जेवणघराला चितेचे नाव? लोक घास घेतील का?" मग 'यवनाचा भोजनमंडप' असे सुचले. त्यावर अप्पा म्हणाले की बखरी वाचलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा भलताच अर्थ लागेल आणि दिवसातून दहादा खुलासा करावा लागेल. शेवटी नुसते 'भोजनमंडप' राहिले. त्याखाली लहान अक्षरांत चिताची हकीगत चार ओळींत लिहायची, आणि त्या ओळी मी लिहून द्यायच्या, असे ठरले. अथेन्स आणि रोम रद्द. खोल्यांना पूर्वीप्रमाणे आकडेच.

भिंतींचा निकाल चिरंजीवांनी स्वतः लावला, आणि तो मला शहाणपणाचा वाटला. दालनाच्या आणि जेवणघराच्या जुन्या भिंतींचा ऑइलपेंट खरवडून तेथे चुनाच. वेल आणि पोपट जेवढे निघाले तेवढे तसेच ठेवायचे. उरलेला अर्धा पोपट कोणी नव्याने रंगवायचा नाही. वरच्या मजल्यावर चार खोल्यांमध्ये मागाहून घातलेल्या लाकडी आडभिंती आहेत. त्यांना ओल येत नाही, धूर पोचत नाही. तेथे कागद लावायचा, आणि तोही आवडीने निवडलेला. एका खोलीत द्राक्षवेल आहेच. मी पाहिली, सुरेख दिसते. कागदाशी माझे भांडण कधीच नव्हते. भिंतीच्या प्रकृतीला मानवेल तेथेच तो लावावा, एवढेच व्हिट्रुव्हियसचे आणि आमच्या गवंड्याचे म्हणणे आहे.

चुन्याचा शेवटचा हात नवरात्रात बसला. दालन अजून पुरते वाळलेले नाही. अप्पांनी तेथे स्वहस्ते पाटी लावली आहे: 'भिंत ओली आहे. पाहावी, हात लावू नये.' दालन बंद राहिल्याने दोन महिन्यांचे उत्पन्न बुडाले, आणि बँकेच्या हप्त्यासाठी काकूंनी पाटल्या मोडल्या, हे त्यांनी मला ओट्याशी उभे राहून, आवाज न चढवता सांगितले. दिवाळीच्या सुटीसाठी बारापैकी सात खोल्या ठरल्या आहेत. त्यांतले एक कुटुंब इंदूरचे. त्यांनी मोबाइलवर अर्धा पोपट पाहिला आणि उरलेला कोठे आहे असे विचारले. चिरंजीवांनी त्यांना कळवले आहे, "भिंतीत आहे. या."

बिल्डरची माणसे कार्तिकात पुन्हा येणार आहेत. त्यांना काय सांगायचे ते अप्पांनी अद्याप ठरवलेले नाही. पण त्यांना बसवायचे भोजनमंडपातच, असे काकूंचे ठरले आहे.